तुओल स्लेंगला जावं का, आणि जायचं तर कसं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरात कंबोडियाला निघालाय. चार दिवस सिएम रीप, मग दोन रात्री नॉम पेन्ह. बरोबर यजमान, सोळा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे सासरे. एजंटने दिलेल्या कागदावर नॉम पेन्हच्या दिवशी ‘जेनोसाइड म्युझियम आणि किलिंग फील्ड्स, ९ ते १२’ असं लिहिलंय आणि खाली लगेच ‘लंच, रशियन मार्केट, सनसेट क्रूझ’. यातलं जेनोसाइड म्युझियम म्हणजेच तुओल स्लेंग, सत्तरच्या दशकातल्या कम्युनिस्ट ख्मेर रूज राजवटीचा तुरुंग; आणि किलिंग फील्ड्स म्हणजे चोउंग एक, जिथे त्या कैद्यांना नेऊन मारलं. तुम्ही विचारताय की सुट्टीत जाऊन हे बघायचं का, मुलांना न्यायचं का, आणि न बघता परत आलो तर काही चुकेल का.

आधी उत्तर सांगून टाकतो. तुम्ही दोघं जा. मुलाला न्या. मुलीला नेऊ नका. सासऱ्यांना आधी सगळं सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या. पण एजंटचं ते ‘९ ते १२’ आजच खोडा, कारण तीन तासांत दोन्ही ठिकाणं दाखवणं म्हणजे न दाखवणंच. नुसता रस्ताच तासभर खातो.

हे मी शहाणपणाने सांगतोय असं समजू नका. पुण्याहून गट घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही कागदावर असंच होतं. तुओल स्लेंगला पंचेचाळीस मिनिटं, मग जेवण. अठरा जणांपैकी चौघं पहिल्याच इमारतीतून बाहेर आले आणि बसमध्ये जाऊन बसले. दोघांनी कैद्यांच्या कोठडीत उभं राहून फोटो काढले. अंगणात एक म्हातारा टेबल मांडून स्वतःची पुस्तकं विकत बसला होता, त्याच्याशी आमच्यातल्या एका गृहस्थांनी दहा डॉलरचं सातला द्या म्हणून घासाघीस केली. तो चुम मे होता. या तुरुंगातून जिवंत बाहेर पडलेल्या मूठभर माणसांपैकी एक. गृहस्थांना ते माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. जेवायला बसल्यावर सांगितलं, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सारलं. चूक माझी होती. तेव्हापासून आदल्या रात्री हॉटेलात सगळ्यांना तासभर बसवून बोलतो. त्या बोलण्यातलंच बरंचसं इथे लिहितो.

ही जागा मुळात शाळा आहे. शहराच्या मध्यवस्तीतली, तीन मजली इमारतींची, मधे मैदान असलेली साधी माध्यमिक शाळा. बाहेरून पाहिलं तर आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या मोठ्या शाळेची आठवण येते. लांब व्हरांडे, वर्गांच्या रांगा, जमिनीवर पिवळ्या-पांढऱ्या चौकटीच्या फरशा. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि त्यांनी काही दिवसांत अख्खं शहर रिकामं केलं. दवाखान्यातले रुग्णसुद्धा खाटांसकट रस्त्यावर. चलन रद्द, बाजार बंद, शाळा बंद, देवळं बंद. सगळ्यांनी शेतावर जायचं. त्या रिकाम्या शहरातल्या रिकाम्या शाळेत १९७६ मध्ये एस-२१ हा तुरुंग आला. ७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्याने शहर घेतलं तोवर तो चालू होता. पावणेचार वर्षांच्या त्या राजवटीत सगळ्या देशात उपासमारीने, रोगाने, अतिश्रमाने आणि हत्येने १५ ते २० लाख माणसं मेली. देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आत.

नावांकडे जरा लक्ष द्या, कारण आपल्याला ती ओळखीची वाटतात आणि त्यानेच अंगावर येतात. कंबोडियाच्या ख्मेर भाषेत संस्कृत-पाली शब्द पोत्याने आहेत. एस-२१ मधला ‘एस’ म्हणजे सन्तेबाल, राजवटीचं गुप्त पोलीस खातं. हा शब्द ‘सन्तिसुख’ आणि ‘नोकोरबाल’ यांच्या जोडणीतून आला. शांतिसुख आणि नगरपाल! ज्या पक्षाचं नाव कुणी उच्चारत नसे, त्याला सगळे ‘अंगकार’ म्हणत, म्हणजे संघटना. अंगकारला सगळं दिसतं, अंगकार चुकत नाही. आणि तुओल स्लेंग? तुओल म्हणजे टेकाड, स्लेंग म्हणजे आपल्या कोकणातला काजरा, ज्याच्या बियांत विष असतं. काजऱ्याचं टेकाड. हे नाव तुरुंगाच्या आधीपासूनचं आहे, नंतर कुणी शोभेल म्हणून ठेवलेलं नाही.

आता आत काय आहे ते क्रमाने सांगतो, म्हणजे ऐन वेळी धक्का बसणार नाही. धक्का बसायला हवा असं काही गाइड मानतात. मला ते पटत नाही. धक्का बसलेला माणूस पुढचं काही बघत नाही.

फाटकातून डावीकडे ए इमारत. तळमजल्यावर एकेका वर्गात एकेक लोखंडी पलंग, त्यावर बेड्या, भिंतीवर एक मोठा काळपट फोटो. १९७९ मध्ये व्हिएतनामी लोक इथे पोचले तेव्हा या खोल्यांमध्ये नुकतीच मारलेली माणसं पलंगांना बांधलेली सापडली. फोटो त्यांचेच. एकूण चौदा प्रेतं, आणि त्यांच्या चौदा पांढऱ्या समाध्या अंगणात, चाफ्याच्या झाडांजवळ. चाफ्याला तिथे ‘चांपेई’ म्हणतात. माझा सल्ला असा, की ए इमारतीतली एक खोली बघा आणि बाहेर या. सगळ्या खोल्या बघितल्याने काही वाढत नाही. बहुतेक लोक इथेच अर्धा तास घालवतात, इथेच खचतात आणि पुढच्या बी इमारतीतून नुसते चालत जातात. मला विचाराल तर खरं संग्रहालय बी पासून सुरू होतं.

मैदानात एक उंच लाकडी चौकट दिसेल. ती शाळेतल्या मुलांच्या व्यायामाची. तिच्यावर कैद्यांना उलटं टांगत आणि शुद्ध हरपली की खालच्या मोठ्या रांजणातल्या घाण पाण्यात बुडवत, असं फलक सांगतो. रांजण अजून तिथेच आहेत.

बी इमारतीत फोटो आहेत. ओळीने, तक्त्यांवर, शेकड्यांनी चेहरे. प्रत्येक कैदी आला की त्याला खुर्चीत बसवून फोटो काढत, छातीवर नंबर लावत. एका मुलाच्या उघड्या छातीवर नंबर आहे, सदरा नाही, तर पिन कातडीतच टोचलेली आहे. एका बाईच्या मांडीवर तान्हं मूल आहे. काही जण चक्क हसल्यासारखे दिसतात, बहुधा कुणी फोटो काढतंय म्हणून सवयीने. ते हसू फार थोडक्यांचं आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: २०२१ मध्ये परदेशातल्या एका इसमाने यांतले काही फोटो संगणकावर रंगवले आणि काही चेहऱ्यांवर नसलेलं हसू चढवलं. कंबोडियात फार संताप झाला, माफ्या मागाव्या लागल्या. लोकांना तो राग जरा जास्त वाटला. मला नाही वाटला. ज्याच्या आयुष्याचा शेवटचा पुरावा एक फोटो आहे, त्याचा चेहराच बदलायचा?

इथे घाई करू नका. मी गटातल्या प्रत्येकाला सांगतो की कुठलाही एकच चेहरा निवडा आणि त्याच्यासमोर दोन मिनिटं उभे राहा. घड्याळ लावून. दोन मिनिटं फार मोठी असतात.

हे फोटो कशासाठी काढले होते, हा या जागेचा गाभा आहे. तुमच्या मनात छळछावणीचं जे चित्र असेल, ते पुसून एखाद्या सरकारी कचेरीचं चित्र ठेवा. इथे येणाऱ्या माणसाची फाइल उघडत असत. फोटो, नाव, गाव, हुद्दा, अटकेची तारीख. मग चौकशी, आणि चौकशीतून ‘कबुली’. कैद्याने आपलं सगळं चरित्र लिहायचं, आपण सीआयएचे किंवा केजीबीचे किंवा व्हिएतनामचे हस्तक कसे झालो ते लिहायचं आणि आपले साथीदार कोण त्यांची नावं द्यायची. मजकूर पसंत पडला नाही तर पुन्हा छळ, पुन्हा लेखन. वरून शेरे मारून कागद परत येत. त्या नावांची मग अटक, त्यांच्या कबुल्या, त्यांतून आणखी नावं. काम संपलं की फाइलवर जो शब्द पडे तो ‘कामटेच’, म्हणजे चिरडून टाका. मारणं हा शब्दही वापरत नसत.

आणि ही कचेरी चालवत कोण होतं? तुरुंगाचा प्रमुख काइंग गुएक इआव, ज्याला डुच म्हणतात, तो गणिताचा मास्तर. त्याचा एक मुख्य चौकशी अधिकारी माम नाई, तोही मास्तर. सर्वोच्च नेता पोल पोट स्वतः नॉम पेन्हच्या एका खासगी शाळेत शिकवायचा. मास्तरांनी शाळेत तुरुंग काढला आणि कैद्यांना निबंध लिहायला बसवलं. माझी आई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला एकदा हे सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, “म्हणजे वह्या तपासायचे.” याहून नेमकं वर्णन मी आजवर ऐकलेलं नाही.

त्या कबुल्यांमधली एक मी नेहमी सांगतो. केरी हॅमिल हा न्यूझीलंडचा तरुण. १९७८ च्या ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर शिडाच्या नावेतून भटकताना कंबोडियाच्या पाण्यात गेला आणि पकडला गेला. त्याच्याकडूनही सीआयएचा हेर असल्याची कबुली लिहवून घेतली. त्याने आपले वरिष्ठ म्हणून कुणाचं नाव दिलं? कर्नल सँडर्स. तळलेल्या कोंबडीच्या दुकानांवर ज्यांचा फोटो असतो तेच. सीआयएमधला आपला क्रमांक म्हणून घरचा टेलिफोन नंबर लिहिला. आणि आपल्याला शिकवणाऱ्यांमध्ये ‘एस. टार’ असं एक नाव घातलं. त्याच्या आईचं नाव एस्थर. मरणाच्या दारात त्याने आईला निरोप लिहिला, छळणाऱ्यांच्याच कागदावर, त्यांना कळणार नाही अशा बेताने. त्याचा भाऊ २००९ मध्ये ख्मेर रूजच्या नेत्यांसाठी बसलेल्या न्यायालयात डुचसमोर उभा राहिला आणि त्याने हे सगळं वाचून दाखवलं. कैद्यांच्या याद्यांमध्ये भारतीय आणि पाकिस्तानीही आहेत, हेही जाता जाता सांगतो. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

दुसरी फाइल हौट बोफाना या तरुणीची. तिचा गुन्हा म्हणजे नवऱ्याला लिहिलेली प्रेमपत्रं. नवरा ख्मेर रूजमध्येच होता, दोघांची ताटातूट झालेली. पत्रांखाली ती सही करायची ‘सेडा’. सेडा म्हणजे सीता. रामायणाची ख्मेर आवृत्ती रामकेर्ति तिथे घरोघरी ठाऊक असते, आणि ही मुलगी स्वतःला अशोकवनातली सीता समजून रामाची वाट बघत होती. १९७७ मध्ये दोघांनाही मारलं. तिच्या नावाचं एक दृक्‌श्राव्य संग्रहालय आज नॉम पेन्हमध्ये आहे. अंकोर वाटच्या भिंतींवरची लंकेची लढाई तुम्ही दोन दिवस आधी बघून आलेल्या असाल. म्हणून हे आत्ता सांगितलं.

सी इमारतीच्या दर्शनी भागावर अजून काटेरी तारांची जाळी आहे. कैद्यांनी वरून उडी मारून जीव देऊ नये म्हणून ती लावली होती. मरायचं कधी हेही अंगकार ठरवणार. आत वर्गांमध्ये विटांच्या छोट्या छोट्या कोठड्या बांधल्या आहेत, वरच्या मजल्यावर लाकडाच्या. माणूस धड आडवा होऊ शकत नाही इतक्या. भिंतीवर फळा मात्र तसाच.

डी इमारतीत छळाची साधनं आणि वान नाथची चित्रं. वान नाथ चित्रकार होता. पोल पोटची चित्रं काढायला उपयोगी म्हणून त्याला जिवंत ठेवलं. बू मेंगही चित्रकार, तोही तसाच वाचला. चुम मे यंत्रं दुरुस्त करायचा म्हणून वाचला. बू मेंगची बायको वाचली नाही, चुम मेचीही नाही. सुटल्यावर वान नाथने आठवणीतून इथलं सगळं रंगवलं. जे फोटोत नाही ते या चित्रांत आहे. तो २०११ मध्ये गेला.

किती माणसं या फाटकातून आत आली? न्यायालयाने निकालात किमान १२,२७२ मृत्यू धरले. नंतर जमवलेली यादी १५ हजारांच्या वर गेली. अंगणात २०१५ मध्ये उभारलेल्या स्मारकावर काळ्या दगडांत नावं कोरली आहेत. ख्मेर लिपी वाचता येत नसली तरी त्याच्याभोवती एक फेरी मारा.

आता एक अवघड गोष्ट. अंदमानात आपण सेल्युलर जेलला जातो तेव्हा नमस्कार करायला जातो. कोण कुठल्या कोठडीत होतं, कशासाठी होतं, हे आपल्याला पाठ असतं. तुओल स्लेंगमध्ये तसा आधार मिळत नाही. इथे मेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक ख्मेर रूजचेच होते. पक्षाचे कार्यकर्ते, सैनिक, मंत्री, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. पक्ष आपल्याच माणसांना खात सुटला होता. इथले कित्येक पहारेकरी आणि चौकशी करणारेही शेवटी याच खुर्चीत बसून फोटो काढून घेते झाले. तुमच्या मुलाने विचारलं की यात वाईट कोण आणि चांगलं कोण, तर लगेच उत्तर देऊ नका. तक्त्यावरचा एखादा चेहरा दाखवा आणि सांगा, हा दोन्ही असू शकतो.

‘जेनोसाइड’ या शब्दाबद्दलही त्याच्याशी बोला, सोळाव्या वर्षी कळतं. मेलेले बहुतेक ख्मेर आणि मारणारेही ख्मेर. म्हणून कायद्याच्या काटेकोर अर्थाने वंशविच्छेद कशाला म्हणायचं यावर वर्षानुवर्षं वाद झाला. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने नॉम पेन्हमध्ये जे न्यायालय बसलं, त्याने २०१८ मध्ये नुऑन चिआ आणि खिउ सांफान या नेत्यांना वंशविच्छेदासाठी दोषी धरलं ते व्हिएतनामी अल्पसंख्याकांच्या बाबतीत, आणि नुऑन चिआला चाम मुसलमानांच्या बाबतीतही. बाकी सगळं दुःख ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ या कलमाखाली गेलं. पोल पोट हे न्यायालय बसण्याआधीच, १९९८ मध्ये मेला. डुच १९९९ मध्ये नाव बदलून राहताना एका आयरिश छायाचित्रकाराला सापडला. २०१० मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, अपिलात २०१२ मध्ये ती जन्मठेप झाली, २०२० मध्ये तो मेला. २००८ मध्ये तपासाचा भाग म्हणून त्याला याच इमारतींमध्ये परत आणलं होतं, तेव्हा तो रडला.

हेही ध्यानात ठेवा की हे संग्रहालय व्हिएतनामी लोकांनी उभं केलं. माई लाम नावाच्या त्यांच्या कर्नलने १९७९ मध्ये मांडणी केली. आपण कंबोडियात का घुसलो याचं समर्थन जगाला दाखवणं हा त्यात हेतू होताच. खऱ्या कवट्यांचा बनवलेला कंबोडियाचा नकाशा इथे भिंतीवर होता, तो २००२ मध्ये उतरवला. बरं झालं. पण मांडणीत हेतू होता म्हणून कागद खोटे ठरत नाहीत. आणि त्या काळात जग कसं वागलं तेही बघा: नॉम पेन्ह पडल्यावरही संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची वर्षानुवर्षं ख्मेर रूजच्या बाजूकडेच राहिली. भारताने मात्र १९८० मध्येच नव्या सरकारला मान्यता दिली. तिथले जुने गाइड भारतीय म्हटल्यावर अजून त्याची आठवण काढतात.

एक गमतीचा योगायोग तुमच्या सासऱ्यांना सांगा. तुओल स्लेंग, चोउंग एक आणि कांपोंग छ्नांगकडचा एम-१३ हा जुना तुरुंग, ही तीन ठिकाणं जागतिक वारशात गेली ती ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसच्या बैठकीत. त्याच दिवशी, त्याच बैठकीत आपले रायगड, राजगड, प्रतापगड वगैरे बारा किल्लेही गेले. आम्ही इकडे पेढे वाटले. तिकडे कंबोडियात देवळांत ढोल वाजवले.

चोउंग एक शहरापासून साधारण पंधरा किलोमीटर. तुओल स्लेंगमधून कैद्यांना रात्री ट्रकने इथे आणत, दुसऱ्या घरी हलवतोय असं सांगून. पूर्वी इथे फळबाग आणि चिनी दफनभूमी होती. १२९ सामूहिक खड्डे सापडले, ८६ उकरले, ८,९८५ देहांचे अवशेष निघाले. बाकीचे खड्डे तसेच ठेवले आहेत. गोळ्या महाग म्हणून कुदळी, पहारी, ताडाच्या झावळीच्या करवती कडा वापरत. आज तिथे गवत आहे, कोंबड्या फिरतात, पलीकडे तळं आहे. ही शांतताच लोकांना सहन होत नाही. पावसाळ्यानंतर मातीतून कापडाचे तुकडे आणि हाडं वर येतात आणि तिथले लोक ती गोळा करून ठेवतात. डिसेंबरात जाताय, पायवाट सोडू नका, खाली बघून चाला. काही दिसलं तर हात लावू नका.

मधोमध १९८८ मध्ये बांधलेला उंच स्तूप आहे, काचेतून पाच हजारांवर कवट्या दिसतात. आत जायचं तर चपला-बूट काढायचे, टोपी काढायची. बाहेर फुलं आणि उदबत्ती मिळते. ख्मेर माणसाला ही हाडं अशी उघडी ठेवणं सोपं नाही. राजे सिहानुक यांचं म्हणणं होतं की त्यांचं दहन करावं. पुरावा म्हणून ठेवली गेली. दरवर्षी भाद्रपदाच्या वद्य पक्षात तिथे प्चुम बेन असतो. ‘बेन’ म्हणजे आपला पिंड. पंधरा दिवस लोक पहाटे अंधारात देवळाभोवती भाताचे गोळे टाकतात, ज्यांचं कुणी करायला उरलं नाही त्यांच्यासाठीही. मी एकदा आमच्या पितृपक्षातच गट नेला होता. या दिवसांत प्रवास नको म्हणून निम्म्या लोकांनी नावं काढून घेतली होती. जे आले त्यांतल्या एका काकूंनी तिथल्या बायकांबरोबर पहाटे भाताचा गोळा वळला, आणि आपल्याला दुसऱ्या देशात आल्यासारखं वाटतच नाही म्हणाल्या.

तिथे एक झाड आहे, त्याच्याबद्दल मी लिहीत नाही. ऑडिओ गाइडमध्ये त्याची गोष्ट येते. गवत उपटायचं तर मुळासकट, अशी ख्मेर रूजची घोषणा होती, त्यात लहान मुलांचं काय झालं ते त्या झाडापाशी कळतं. तुमच्या मुलीला नेऊ नका म्हणालो ते मुख्यतः त्यामुळे. अकराव्या वर्षी मूल सगळं समजतं आणि रात्री ते एकटंच घेऊन झोपतं. तुमच्यापैकी एकाने त्या सकाळी तिच्याबरोबर राष्ट्रीय संग्रहालयात जावं. लाल रंगाची सुंदर इमारत आहे, ख्मेर शिल्पं आहेत, विष्णू-शिव आहेत, मधे तळ्यांचं अंगण. दुसऱ्या दिवशी सकाळी आलटापालट करा. दोन रात्री आहेत, जमेल. तिने विचारलं की आई-बाबा कुठे गेले होते, तर खरं सांगा. एका शाळेत, जिथे फार वाईट झालं. ती मोठी झाल्यावर पुन्हा येईल.

मुलाला नेताना आदल्या रात्री हे सगळं सांगा आणि मधेच बाहेर यायचं असेल तर ये, असं आधीच म्हणून ठेवा. त्या वयातली मुलं भेदरली तर मस्करी करतात. आवारात हसायला मनाई असल्याची पाटी आहे, हसऱ्या तोंडावर आडवी रेघ मारलेली, आणि ती पाटी बघूनच मुलांना हसू फुटतं. रागावू नका.

फोन खिशात ठेवायला सांगा. २०१६ मध्ये फोनवर पोकेमॉन पकडणारी मंडळी इथे शिरायला लागली होती, त्यांना संग्रहालयाला मज्जाव करावा लागला. अंगणात इमारतींचे फोटो काढा, खोल्यांमध्ये आणि चेहऱ्यांचे नको. स्वतःचा तर कुठेच नको.

व्यवहाराचं पटकन. तुओल स्लेंग सकाळी आठला उघडतं, आठलाच आत असा, ऊन आणि बसगाड्या दोन्ही टळतात. आधी तुओल स्लेंग, मग चोउंग एक. कैद्यांना ज्या क्रमाने नेलं त्याच क्रमाने. पहिल्याला अडीच तास, दुसऱ्याला दीड तास, मधे थंड पाणी आणि थोडं काही खाणं. परदेशी माणसाला तुओल स्लेंगचं तिकीट पाच डॉलर, चोउंग एकचं तीन, ऑडिओ गाइडचे वेगळे. फाटक्या-दुमडलेल्या डॉलरच्या नोटा तिथे कुणी घेत नाही, मुंबईतूनच कोऱ्या घेऊन जा. टुकटुक ग्रॅब किंवा पासअ‍ॅपवरून मागवा. चोउंग एकच्या रस्त्यावर धूळ असते, सासऱ्यांसाठी बंद गाडी बरी. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला.

ऑडिओ की गाइड? चोउंग एकला ऑडिओच. तो फार चांगला केलाय, आणि तिथे माणसाने बोलू नये असंच वाटतं. तुओल स्लेंगला मात्र पन्नाशीपुढचा गाइड मिळाला तर घ्या. त्या वयाचा जवळजवळ प्रत्येक माणूस त्या काळातून आलेला असतो. तो स्वतःहून घरचं सांगेल तर ऐका. “तुमच्या घरचे कोण गेले?” हा प्रश्न आपण विचारायचा नाही. आमच्या एका गाइडने आठ वर्षांच्या ओळखीनंतर एकदा बसमध्ये, रस्त्याकडे बघत, वडिलांचं नाव सांगितलं. तेवढंच.

अंगणात जिवंत राहिलेल्यांपैकी कुणी बसलेलं भेटलं तर पुस्तक विकत घ्या, नमस्कार करा. तिथेही हात जोडूनच नमस्कार करतात. किंमत विचारा आणि तेवढी द्या.

सासऱ्यांचं राहिलं. लिफ्ट नाही, जिने उंच आहेत, पण सगळं महत्त्वाचं तळमजल्यावर बघता येतं. ए ची एक खोली, बी चे फोटो, डी ची चित्रं. मधे थांबायचं झालं तर चाफ्याखाली बाकं आहेत. ते तिथेच बसून राहतो म्हणाले तर बसू द्या, आपल्याबरोबर ओढू नका. त्यांच्या पिढीला आणीबाणी आठवते, साल तेच होतं, १९७५. बसल्या बसल्या त्यांना काय काय आठवेल ते त्यांचं त्यांना माहीत.

आणि ती सनसेट क्रूझ त्या दिवशी नको. संध्याकाळी सिसोवाथ घाटावर नुसतं फिरा. मुलं सायकली चालवत असतात, आज्या हातवारे करत समूहाने व्यायाम करतात, कणसं भाजण्याचा वास येतो. क्रूझ दुसऱ्या दिवशी घ्या, एजंट कुरकुर करेल, करू द्या.